यंत्रांचा घसारा आणि विक्रीचा हिशेब

काही वर्षांपूर्वी एका सेवा सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस उपस्थित राहण्याचा योग आला होता. संस्थेने सभासदांना भाड्याने देण्यासाठी घेतलेला ट्रॅक्टर त्या वर्षी जाहीर लिलावाने विकला होता. नऊ वर्षांपूर्वी तो ८ लाख रुपयांस घेतला होता व लिलावात त्याचे १ लाख ६० हजार रुपये आले. नऊ पावसाळे काढलेल्या यंत्राला ही किंमत वाईट नव्हे, असेच सर्वांचे मत होते. परंतु अहवालाची पाने उलटताना नफा-तोटा पत्रकात एक रक्कम वाचली गेली आणि सभागृहात कुजबूज सुरू झाली. 'ट्रॅक्टर विक्रीवरील तोटा' या शीर्षाखाली ३ लाख ४४ हजार २०० रुपये दाखविले होते. त्यापायी वर्षाचा सारा नफा वाहून गेला होता आणि लाभांशाची शिफारस नव्हती.

एक वयोवृद्ध सभासद उठून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, ट्रॅक्टर नऊ वर्षे राबला, त्याचे भाडे आले, आम्ही लाभांश घेतला. मग एवढा तोटा याच वर्षी आला कोठून?" गटसचिवांनी उत्तर दिले, "पुस्तकी किंमत जास्त राहिली होती." उत्तर बरोबर होते, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही. मागच्या रांगेतील एका तरुण शेतकऱ्याने तर मर्मावरच बोट ठेवले. तो म्हणाला, "मी दोन वर्षांपूर्वी सभासद झालो. आधीच्या सात वर्षांचा लाभांश मी घेतलेला नाही. तोटा मात्र माझ्याही वाट्याला आला."

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. जमाखर्चाशी त्याचा संबंध महिन्याच्या प्रवासभत्त्यापुरताच. तथापि त्या तरुणाच्या प्रश्नाने मनात घर केले आणि पुढे लेखापरीक्षकांशी बोलून, काही पुस्तके चाळून जे उमगले ते येथे मांडले आहे. सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शाळा व लहान उद्योग या सर्वांकडे आज यंत्रे आहेत. ती झिजतात आणि एक ना एक दिवस विकावी लागतात. त्या झिजेचा हिशेब म्हणजेच घसारा.

घसारा म्हणजे काय?

खत, डिझेल, कागद या वस्तू ज्या वर्षी घेतल्या त्याच वर्षी बहुधा संपतात, म्हणून त्यांची किंमत त्या वर्षाच्या खर्चात पडते. यंत्राचे तसे नाही. ट्रॅक्टर एका वर्षी घेतला तरी तो नऊ-दहा वर्षे उत्पन्न मिळवून देतो. त्याची सगळी किंमत पहिल्या वर्षाच्या खर्चात टाकली, तर त्या वर्षी अकारण तोटा दिसेल आणि पुढची वर्षे फुकट नफ्याची वाटतील. अजिबात टाकली नाही, तर सगळीच वर्षे नफ्याची दिसतील आणि यंत्र मोडीत निघेल त्या दिवशी ताळेबंदाला भगदाड पडेल. म्हणून यंत्राच्या खरेदी किमतीतून शेवटी मिळण्याजोगी किंमत वजा करावयाची आणि बाकीची रक्कम, ज्या वर्षांनी त्याचा उपयोग घेतला त्या वर्षांवर वाटून द्यावयाची, अशी रीत आहे. घसारा म्हणजे वर्षाअखेरीस यंत्राचा बाजारभाव काढणे नव्हे. घसारा म्हणजे झालेल्या खर्चाची वाटणी होय. हा भेद लक्षात राहिला, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

या वाटणीला तीन गोष्टी लागतात. खरेदी किंमत बिलावरून कळते. वाहतूक आणि उभारणीचा खर्चही तीतच धरावयाचा असतो. यंत्राचे उपयुक्त आयुष्य आणि आयुष्याच्या अखेरीस येणारी किंमत या दोन्ही गोष्टी मात्र अंदाजाच्या असतात. जमिनीला आयुष्याची मर्यादा नसल्याने सामान्यतः तिच्यावर घसारा आकारीत नाहीत. यंत्र बंद पडून राहिले तरी ते जुने होतच असते, आणि नवे सुधारित यंत्र बाजारात आले म्हणजे चांगले चालणारे यंत्रही कालबाह्य ठरते. कार्यालयातील संगणकांचा अनुभव याबाबत पुरेसा बोलका आहे.

वाटणीच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत सरळ रेषेची. हिलाच स्थिर हप्त्याची पद्धत म्हणतात. वर उल्लेखिलेल्या ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षे व अखेरची किंमत दीड लाख रुपये धरली, तर वाटून टाकावयाची रक्कम साडेसहा लाख रुपये होते. दरवर्षी ६५ हजार रुपये घसारा. पहिल्या वर्षी तेवढाच आणि दहाव्या वर्षीही तेवढाच. शाळेतील मुलालाही हे गणित समजते. फर्निचर, कपाटे, पाण्याची टाकी अशा जवळजवळ एकसारखा उपयोग देणाऱ्या वस्तूंना ही पद्धत शोभते.

दुसरी पद्धत ऱ्हासमान शेषाची, म्हणजेच घटत्या शिल्लकेची. येथे दर ठरलेला असतो, पण तो दरवर्षी उरलेल्या पुस्तकी किमतीवर लावतात. त्याच ट्रॅक्टरवर १५ टक्के दर लावला, तर पहिल्या वर्षी १ लाख २० हजार रुपये घसारा पडतो आणि शिल्लक ६ लाख ८० हजार राहते. दुसऱ्या वर्षी या शिल्लकेवर १ लाख २ हजार, तिसऱ्या वर्षी ८६ हजार ७०० अशी घसाऱ्याची रक्कम उतरत जाते. नवव्या वर्षी ती ३२ हजार ७०० च्या आसपास येते. दहा वर्षांच्या अखेरीस पुस्तकात सुमारे १ लाख ५७ हजार ५०० रुपये उरतात. या पद्धतीने शिल्लक कधीही शून्य होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

या पद्धतीच्या बाजूने दोन कारणे सांगितली जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिले असे की, नवे वाहन वा यंत्र दुकानातून बाहेर पडताच त्याची विक्रीची किंमत झपाट्याने घसरते. सुरुवातीच्या वर्षांत पुस्तकी किंमतही तशीच खाली आली, तर ती वास्तवाच्या जवळ राहते. दुसरे कारण यंत्र चालविणाऱ्यास अधिक पटेल. नवे यंत्र दुरुस्ती मागत नाही, जुने मागते. पहिल्या वर्षी घसारा १ लाख २० हजार आणि दुरुस्ती समजा १० हजार. नवव्या वर्षी घसारा ३३ हजार, पण इंजिनाचे काम, टायर आणि गिअर मिळून दुरुस्ती ९५ हजार. दोहोंची बेरीज दोन्ही वर्षी जवळपास सारखीच येते. सरळ रेषेच्या पद्धतीत दुरुस्ती वाढत जाते आणि घसारा तसाच राहतो, त्यामुळे अखेरच्या वर्षांवर भार पडतो.

शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असा एक मुद्दा येथेच सांगून टाकतो. दहा टक्के म्हटले की दोन्ही पद्धतींत एकच गोष्ट झाली, असा पुष्कळांचा समज असतो. मूळ किमतीवर दरवर्षी दहा टक्के घेतले, तर दहा वर्षांत पुस्तकी किंमत शून्य होते. घटत्या शिल्लकेवर दहा टक्के घेतले, तर ८ लाखांच्या यंत्राचे दहा वर्षांनंतरही जवळजवळ २ लाख ७९ हजार रुपये पुस्तकात राहतात. ८ लाखांचे दहा वर्षांत नेमके दीड लाख व्हावयाचे असतील, तर घटत्या शिल्लकेचा दर १५.४ टक्क्यांच्या आसपास लागतो. दराबरोबर पद्धतीचे नाव लिहिले नसेल, तर त्या दराला अर्थ नाही.

तिसरी पद्धत वर्षे मोजत नाही, काम मोजते. ट्रॅक्टर त्याच्या आयुष्यात १० हजार तास चालेल असा अंदाज धरला, तर साडेसहा लाख रुपयांचा घसारा तासाला ६५ रुपये पडतो. ज्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि ट्रॅक्टर १,२०० तास चालला, त्या वर्षी ७८ हजार रुपये. अवर्षणाच्या वर्षी ५०० तासच चालला, तर साडेबत्तीस हजार. खाणीतील यंत्रे, छपाईयंत्रे, मालमोटारी यांच्या बाबतीत ही पद्धत सर्वांत न्याय्य वाटते. अडचण एवढीच की, त्यासाठी कामाची नोंदवही रोज आणि खरी भरली पाहिजे. ज्यांनी सरकारी व निमसरकारी वाहनांच्या नोंदवह्या पाहिल्या आहेत, त्यांना या अटीची कठीणता वेगळी सांगावयास नको.

मात्र या पद्धतीचा हिशेब पुस्तकात वापरला नाही, तरी भाड्याचा दर ठरविताना तो अवश्य करावा. डिझेल, चालकाचा पगार आणि दुरुस्ती धरून पुष्कळ संस्था तासाचे भाडे ठरवितात आणि हे ६५ रुपये विसरतात. सभासदाला भाडे स्वस्त वाटते. प्रत्यक्षात दर तासाला ट्रॅक्टरचा एक लहानसा तुकडा त्याला मोफत दिला जात असतो.

याखेरीज वर्षांच्या अंकांची बेरीज करून उतरता घसारा काढण्याची एक रीत आहे. दहा वर्षांसाठी दहापासून एकपर्यंतच्या अंकांची बेरीज ५५ होते. पहिल्या वर्षी एकूण घसाऱ्याचे ५५ पैकी १० भाग, दुसऱ्या वर्षी ९ भाग असे धरतात. आपल्याकडे ती प्रामुख्याने पाठ्यपुस्तकांतच आढळते.

विक्रीच्या दिवशी सर्व पद्धती भेटतात

आता त्या सभेतील ३ लाख ४४ हजार २०० रुपयांकडे वळू. संस्थेने गोदामाच्या इमारतीला जो दर लावला होता तोच, म्हणजे घटत्या शिल्लकेवर ५ टक्के, ट्रॅक्टरलाही लावला होता. कोणी तरी प्रथम वर्षी तसे लिहिले आणि पुढे मागील वर्षाचे पत्रक पाहून नवे करण्याची प्रथा चालू राहिली. नऊ वर्षांत २ लाख ९५ हजार ८०० रुपये घसारा पडला आणि पुस्तकी किंमत ५ लाख ४ हजार २०० राहिली. विक्रीतून १ लाख ६० हजार आले आणि फरक तोट्यात गेला.

हाच ट्रॅक्टर सरळ रेषेच्या पद्धतीने चालविला असता, तर नऊ वर्षांचा घसारा ५ लाख ८५ हजार, पुस्तकी किंमत २ लाख १५ हजार आणि विक्रीवरील तोटा ५५ हजार झाला असता. १५ टक्के घटत्या शिल्लकेने घसारा ६ लाख १४ हजार ७०० च्या घरात, पुस्तकी किंमत सुमारे १ लाख ८५ हजार ३०० आणि तोटा केवळ २५ हजार ३०० च्या आसपास.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून प्रत्येक पद्धतीतील घसारा आणि विक्रीवरील तोटा यांची बेरीज करून पाहावी. पाच टक्क्यांच्या हिशेबात २,९५,८०० आणि ३,४४,२००. सरळ रेषेत ५,८५,००० आणि ५५,०००. घटत्या शिल्लकेत ६,१४,७०० आणि २५,३००. तिन्ही ठिकाणी बेरीज ६ लाख ४० हजारच येते, आणि ती तशी आलीच पाहिजे. ८ लाखांना घेतलेली वस्तू १ लाख ६० हजारांना विकली, तर गेले ते ६ लाख ४० हजार. कोणतीही पद्धत त्यात एक रुपया कमी करू शकत नाही आणि वाढवूही शकत नाही. विक्रीवर दिसणारा नफा किंवा तोटा म्हणजे आपला पूर्वीचा अंदाज किती चुकला याची अखेरची दुरुस्ती असते. विक्री करणाऱ्या संचालक मंडळाचे कौशल्य किंवा गलथानपणा त्यातून फारसा कळत नाही. त्या सभेत मंडळावर टीका झाली ती विक्रीबद्दल, आणि दोष होता तो नऊ वर्षांपूर्वी लावलेल्या दरात.

पद्धतीने काय बदलते, तर कोणत्या वर्षावर किती भार पडतो ते. आणि वर्ष बदलले की माणसे बदलतात. सरळ रेषेच्या हिशेबाशी तुलना केली, तर या संस्थेने नऊ वर्षांत मिळून २ लाख ८९ हजार २०० रुपये घसारा कमी दाखविला, म्हणजे तेवढाच नफा जास्त दाखविला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये निव्वळ नफा काढण्यापूर्वी दुरुस्ती, भाडे, कर यांबरोबरच घसाराही वजा करावयास सांगितले आहे, ते याचसाठी. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, म्हणून त्या जादा नफ्यापैकी तेवढा भाग संस्थेतच राहिला असेल. उरलेल्यातून लाभांश वाटला गेला. भागधारकांनी आनंदाने घेतलेला तो पैसा नफ्याचा नव्हता. ती ट्रॅक्टरची किंमत होती. लाभांशावर कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे खरी, पण ज्या नफ्यातून तो द्यावयाचा तो नफाच खरा नसेल, तर मर्यादा पाळूनही भांडवल खाल्ले जाते. मागच्या रांगेतील तरुणाची तक्रार अक्षरशः रास्त होती.

आयकराच्या दृष्टीने

खाजगी उद्योजकाच्या बाबतीत या प्रश्नाला कराचे आणखी एक अंग जोडले जाते. घसारा हा खर्च असल्याने तो करपात्र उत्पन्नातून वजा होतो. पद्धतीची निवड मात्र करदात्याच्या हाती नाही. वीजनिर्मिती व वितरणातील उद्योगांना सरळ रेषेचा पर्याय दिलेला आहे. इतरांना घटत्या शिल्लकेनेच घसारा मिळतो. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के, फर्निचरला १० टक्के, संगणकाला ४० टक्के आणि भाड्याने चालविल्या जाणाऱ्या बस व मालमोटारींना ३० टक्के असे दर आहेत. खरेदीच्या वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. मार्चमध्ये घाईघाईने यंत्र घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. 'यंदा उत्पन्न कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी मागू' असेही करता येत नाही. मागितला नाही तरी तो मिळाला असे धरून शिल्लक कमी केली जाते.

विक्रीच्या नियमात १९८८-८९ या कर आकारणी वर्षापासून मोठा बदल झाला. तत्पूर्वी प्रत्येक यंत्राचा हिशेब स्वतंत्र असे आणि विक्रीवरील नफा-तोटा त्या त्या यंत्रापुरता काढला जाई. त्यानंतर एका जातीच्या व एका दराच्या सर्व मालमत्तांचा एकच गट धरला जाऊ लागला. जिराईत आणि बागाईत धान्याची वेगळी कणगी असावी, तशी दरागणिक वेगळी कणगी. यंत्र घेतले की त्याची किंमत गटात पडते, विकले की आलेली रक्कम गटातून काढली जाते आणि उरलेल्या शिल्लकेवर घसारा मिळतो. कोणत्या यंत्राची किती शिल्लक, हा प्रश्नच उरत नाही.

तालुक्याच्या गावी छापखाना चालविणाऱ्या एका मालकाचे उदाहरण घेऊ. त्याच्या छपाईयंत्राची मूळ किंमत ८ लाख. पहिल्या वर्षी ते १८० दिवसांहून अधिक चालले असे धरल्यास पाच वर्षांनंतर करहिशेबातील शिल्लक सुमारे ३ लाख ५५ हजार राहते. गटात दुसरे काहीच नाही आणि सहाव्या वर्षी त्याने ते ४ लाखांना विकले, तर गटाच्या शिल्लकेपेक्षा जादा आलेले ४५ हजार रुपये अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरतात. यंत्र पाच वर्षांपूर्वीचे असले तरी हा नफा अल्पमुदतीचाच. ३ लाखांनाच विकले गेले असते, तर ५५ हजारांचा अल्पमुदतीचा भांडवली तोटा. परंतु त्याच गटात कागद कापण्याची व शिवण्याची यंत्रे मिळून आणखी २ लाखांची शिल्लक असेल, तर एकूण शिल्लक ५ लाख ५५ हजार. त्यातून विक्रीचे ४ लाख वजा जाऊन १ लाख ५५ हजारांवर त्या वर्षीचा घसारा चालू राहतो आणि नफा-तोटा काहीच निघत नाही. गटातील अखेरचे यंत्र विकावयाचे की नवे घेऊन गट जिवंत ठेवावयाचा, हा विचार अनुभवी व्यापारी मार्च अखेरपूर्वी करतात तो यामुळे.

१९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ चा नवा कायदा संमत झाला असून तो १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणण्याची तरतूद आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तरी गटपद्धती त्यातही ठेवलेली आहे.

कंपन्यांना मात्र दोन हिशेब ठेवावे लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दर नसून उपयुक्त आयुष्य सांगितले आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ वर्षे, फर्निचरला १० वर्षे, कार्यालयीन उपकरणांना ५ वर्षे, नेहमीच्या वापरातील संगणकांना ३ वर्षे. अखेरची किंमत सामान्यतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक धरू नये, असेही त्यात म्हटले आहे. भागधारकांच्या ताळेबंदात एक घसारा आणि आयकराच्या विवरणात दुसरा, हे पाहून दचकण्याचे कारण नाही. पहिल्या हिशेबाचा हेतू खरा नफा दाखविणे हा आहे आणि दुसऱ्याचा कर ठरविणे हा.

नोंद झाली, पैसा कोठे आहे?

घसाऱ्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, तो आकारला म्हणजे नव्या यंत्राची सोय झाली. घसारा ही कीर्द-खतावणीतील नोंद आहे. तिच्यामुळे तेवढी रक्कम लाभांश म्हणून बाहेर जात नाही, एवढेच घडते. पण संस्थेत राहिलेला तो पैसा खताच्या साठ्यात, उधारीत किंवा कार्यालयाच्या रंगरंगोटीत गुंतला, तर ट्रॅक्टर मोडीत निघेल त्या दिवशी बँकेत काहीच नसते. म्हणून घसाऱ्याइतकी रक्कम वेगळी काढून बाहेर गुंतविणे ही दुसरी आणि तितकीच आवश्यक पायरी आहे. दर वर्षअखेरीस ६५ हजार रुपये ठेवीत टाकले आणि व्याज ७ टक्के धरले, तर नऊ वर्षांत सुमारे ७ लाख ७८ हजार जमतात. जुन्या ट्रॅक्टरचे १ लाख ६० हजार मिळविले, की ९ लाख ३८ हजार होतात. नव्या ट्रॅक्टरची किंमत दरम्यान वाढलेली असते. घसारा जुन्या किमतीवर काढलेला असल्याने तो एकटा त्या वाढीला पुरत नाही. व्याजाने ती उणीव बरीचशी भरून निघते.

याची किंमत आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. भारतीय रेल्वेचा अर्थसंकल्प पूर्वी सरकारच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पाचाच भाग होता. जुने रूळ, पूल व इंजिने बदलण्यासाठी वेगळा निधी नव्हता. वर्षाला जी तरतूद मिळेल त्यात भागवावे लागे आणि वर्षअखेरीस खर्च न झालेली रक्कम परत जाई. १९२० साली नेमलेल्या विल्यम अॅकवर्थ यांच्या समितीने १९२१ च्या अहवालात या स्थितीवर कठोर टीका केली. बदलण्याची वेळ केव्हाच उलटून गेलेले रूळ, इंजिने व वाघिणी वापरात असल्याचे तिने दाखवून दिले. पुढे १९२४ साली रेल्वेचा अर्थव्यवहार सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा करण्यात आला आणि घसाऱ्यासाठी राखीव निधी निर्माण झाला. रेल्वेसारख्या अवाढव्य संस्थेला जे शिकावे लागले, ते गावच्या संस्थेला लागू नाही असे कसे म्हणता येईल?

ग्रामपंचायतींचा प्रश्न

ग्रामपंचायतीचे हिशेब परंपरेने जमा व खर्चाचे, म्हणजे रोखीचे. पाण्याचा टँकर किंवा घंटागाडी घेतली की ती त्या वर्षीचा खर्च होते, वस्तूची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत जाते आणि घसाऱ्याचा प्रश्न उद्भवत नाही. नगरपालिकांसाठी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिकेने उपार्जित पद्धतीचा व त्याबरोबर घसाऱ्याचा पुरस्कार केला. गावपातळीवर मात्र जुनीच दृष्टी टिकून आहे. परिणामी पंचायतीच्या आवारात चाके गळालेली वाहने व गंजलेले पंप वर्षानुवर्षे पडून राहतात. नोंदवहीत त्यांची मूळ किंमत तशीच असते आणि ती पाहून निर्लेखनाचा प्रस्ताव मांडण्यास कोणी धजत नाही. 'साडेतीन लाखांची वस्तू वीस हजारांना कशी द्यावी?' हा प्रश्न ग्रामसभेत हमखास येतो. साडेतीन लाख ही खरेदीच्या दिवसाची किंमत आहे, आजची नव्हे, हे सांगण्यासाठी हाताशी कागद असत नाही.

असा कागद तयार करणे अवघड नाही. वस्तू, खरेदीचे वर्ष, किंमत, अंदाजित आयुष्य आणि दरवर्षीची उतरती शिल्लक एवढे पाच स्तंभ पुरे. हिशेबाच्या विहित नमुन्यांत ते नसले, तरी टँकरच्या भाड्याचा दर ठरविताना आणि निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिताना त्यांचा उपयोग होतो. लिलावाची किमान अपेक्षित किंमत मात्र या शिल्लकेवरून ठरवू नये. ती तांत्रिक तपासणी व बाजारभाव पाहूनच ठरवावी लागते. खरेदीदार आपली वही पाहून बोली लावीत नाही.

वाहनांच्या बाबतीत तर आता आयुष्याचा अंदाज बांधण्याचे कारणही उरलेले नाही. केंद्र शासनाच्या नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून शासकीय मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती व राज्य परिवहन उपक्रम यांची वाहनेही त्यात येतात आणि ती नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्राकडे द्यावी लागतात. पंधराव्या वर्षी वाहनाची किंमत भंगाराच्या लोखंडाएवढी राहणार हे आज ठाऊक आहे. ज्या पंचायतीने २०२० साली टँकर घेतला, तिला २०३५ साली दुसरा लागणार हेही ठाऊक आहे.

आरंभी सांगितलेल्या संस्थेने पुढील वर्षीच्या सभेत नव्या ट्रॅक्टरवर १५ टक्के दराने घटत्या शिल्लकेचा घसारा आकारण्याचा आणि तेवढी रक्कम दर ३१ मार्चला जिल्हा मध्यवर्ती बँकेत स्वतंत्र ठेवीत ठेवण्याचा ठराव केला. भाड्याचा दर तासाला ७० रुपयांनी वाढला. त्यावर बरीच नाराजी व्यक्त झाली. ठरावाला अनुमोदन त्याच मागच्या रांगेतील तरुणाने दिले होते.